टिकलीएवढं पिवळं

बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या गल्लीत शिरलात, की डाव्या हाताला एका जिन्याखाली काउंटर दिसेल. त्याला दुकान म्हटलं तर शेजारची दुकानं नाक मुरडतील, एवढीच जागा. वर पाटी : 'पिवळा पडलेला पांढरा मोबाईल पांढरा करून मिळेल. बॉडी बदलून नाही.' आणि त्याखाली बारीक अक्षरात : 'म्हणजे कसा, हे विचारू नये.'

ही खालची ओळ पाटी रंगवणाऱ्यानं आपल्या मनानं घातली. काउंटरची मालकीण दीपमाला त्याच्यावर अशी काही भडकली म्हणता! पण रंग वाळेपर्यंत तीन माणसं थांबून नेमकं तेच विचारून गेली, तेव्हा तिनं ओळ राहू दिली. पुणेकराला एखादी गोष्ट करू नका म्हटलं की तो ती केल्याशिवाय पुढे जात नाही, हे तिला तोवर कळलं होतं.

दीपमाला मूळची पुसदकडची. पुण्यात इतकी वर्षं काढून तिची भाषा बरीचशी पेठेतली झाली, पण राग आला किंवा फार आनंद झाला की तोंडून 'अवो बाप्पा' निघतंच. तिचे वडील गावात परीट. हे ती कुणी विचारायच्या आधीच सांगते, आणि सांगताना मान जरा वर होते. "आमच्या बाबांच्या दोरीवर पाटलाचं धोतर आणि हेडमास्तरांचा सदरा शेजारी शेजारी वाळायचे, आणि दोन्ही सारखेच पांढरे. बाबा माणूस बघून नीळ घालत नव्हते," असं ती म्हणते. लहानपणी तिची बोटं कायम निळी असायची. नीळ थोडी जास्त झाली की कापड निळं मारतं, थोडी कमी झाली की पिवळट राहतं, आणि दोन्हींच्या मधली ती नेमकी जागा बोटांनाच कळते, हे तिला शाळेतल्या पाढ्यांच्या आधी आलं.

लग्न होऊन ती पुण्यात आली. नवरा रामदास भोसरीला कारखान्यात. संसाराला हातभार म्हणून ती लक्ष्मी रोडच्या मागे एका पार्लरमध्ये कामाला लागली. झाडणं, टॉवेल धुणं, बायकांच्या केसांना लावायचं क्रीम कालवून देणं. तिच्याकडे तेव्हा एक पांढरा बटणांचा मोबाईल होता. पांढरा म्हणजे आपला म्हणायला. हळदीचे हात, फोडणीचा धूर आणि वय, या तिघांनी मिळून त्याचा पार तुपाच्या बेरीसारखा रंग करून टाकलेला. एका दुपारी केसांचा रंग उडवायचं ते क्रीम त्याच्यावर सांडलं. ती गिऱ्हाइकात गुंतलेली, फोन खिडकीत उन्हात तसाच पडून. संध्याकाळी पुसायला घेतला, तर जिथे क्रीम सांडलं होतं तिथे शुभ्र पांढरा ठिपका!

दुसऱ्या कुणी पुसून फोन कनवटीला लावला असता. पण ही परिटाची लेक. टॉवेल बादलीत तसेच ठेवून ती त्या ठिपक्याकडे बघत राहिली. पार्लरवालीनं विचारलं, "काय गं, फोन बिघडला का?" तर ही म्हणाली, "नाही हो ताई, सुधारला."

मग सुरू झाले प्रयोग. पहिला बळी अर्थातच नवऱ्याचा फोन. क्रीम कुठे जाड बसलं, कुठे वाळून गेलं, आणि फोनवर पट्टे उमटले. रामदास तो हातात धरून म्हणाला, "अगं, हा मोबाईल आहे की मांजर? कारखान्यात लोक याला दूध पाजायला येतायत." दीपमालाला हसूही आलं आणि रडूही. पण तिनं सोडलं नाही. क्रीम वाळू नये म्हणून वरून पारदर्शक कागद घट्ट गुंडाळायचा, ऊन फिरेल तसा तुकडा फिरवायचा, मधे मधे उघडून क्रीम सारखं करायचं. कपड्यांना जे लागतं तेच प्लास्टिकला लागतं, हे तिच्या लक्षात आलं : ऊन, पाणी आणि नजर. पट्टे गेले. मांजराचा फोन झाला. पार्लरमधल्या बायका आपापले फोन घेऊन आल्या, मग त्यांच्या नणंदा आल्या, आणि एक दिवस दीपमालानं जिन्याखालची ती जागा धरली.

जीन्सच्या खिशाची निळाई बसलेले फोन तिच्याकडे येतात. मेंदीच्या हाताचे येतात, स्वयंपाकघरातले येतात, उदबत्तीशेजारी देव्हाऱ्यात ठेवलेले येतात. नुसते कपाटात पडून पिवळे झालेलेही येतात. सगळे ती घेते. पण झिजलेला कोपरा, उडालेली चकाकी, चरे यांना ती हात लावत नाही. "घासून गुळगुळीत करून द्या ना," असं कुणी म्हटलं की ती सरळ सांगते, "ती झीज तुमची आहे. मळ काढणं माझं काम." आणि कामावर तिचा असा काही गर्व, की रंग मनासारखा उतरला नाही तर गिऱ्हाईक खुश असलं तरी ही फोन देत नाही. पुन्हा गच्चीवर नेते.

शेजारचं मोठं दुकान पोपटशेठचं. त्यांचा धंदा नव्या बॉड्यांचा. जुनं कवच काढायचं, नवं डुप्लिकेट बसवायचं, की झाला फोन नवा. शेठ माणूस वाईट नाही, पण जीभ पेठेतली. "आमच्याकडे चहा होईपर्यंत बॉडी बसते," ते गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचे, "यांच्याकडे फोन उन्हाळी वाळवणाला जातो." इथपर्यंत ठीक होतं. पण हळूहळू गल्लीत कुजबुज सुरू झाली, की बाई पांढरं-बिंढरं काही करत नाही, गुपचूप बॉडी बदलते. एवढा पांढरा कधी होतो का?

हे मात्र दीपमालाला झोंबलं. तेव्हा तिनं एक युक्ती काढली. क्रीम लावायच्या आधी मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ती आपली एक टिकली चिकटवू लागली. टिकलीखाली क्रीम जात नाही, ऊनही जात नाही. फोन पांढरा झाला की टिकली काढायची. तिथे टिकलीएवढं पिवळं राहतं. गिऱ्हाइकाला झाकण उघडून दाखवायचं : हे बघा, तुमचीच बॉडी. आधी अशी होती. वर तिची आपली एक समजूत, की गोऱ्या लेकराला जशी तीट लावतात तशी फोनलाही असलेली बरी, दृष्ट लागत नाही. "आधी फोटो काढून ठेवावा की," असं रामदासनं सुचवलं होतं. ती म्हणाली, "फोटो काय, कुणीही कशाचाही दाखवतो. टिकली खोटं बोलत नाही." आणि खरंच, कुजबुज बंद पडली. गल्लीतली पोरं आता उलट चिडवायची, "ताई, टिकली दाखवा की!"

चैत्रात लोणी काळभोरचे हिंमतराव आले. पांढरी टोपी, पांढरी बंडी, मिशी पिळदार. माणूस जमीनजुमल्याचा, पण काउंटरवर फोन असा जपून ठेवला जणू अंडं ठेवतायत. फोनचा रंग बघून दीपमालाच दचकली. पिवळा नव्हे, पार काथाच्या रंगाचा झालेला. मागची बाजू तर ओळखू येईना.

"हुईल का?" त्यांनी विचारलं.

"होईल की आबा. पण हाल केलेत हो फोनचे."

"माझ्या पोरीनं पहिल्या पगारातनं घेतला हाय त्यो. तेजस्विनी. खराडीला कंपनीत हाय." एवढं बोलताना आबांचा ऊर भरून आला. "आता तिला मोठा पगार हाय. दर खेपंला म्हनती, आबा, टाका त्यो, नवा आनते. म्या म्हनलं, नवे फोन लई मिळत्याल, पयला पगार पुन्हा मिळत न्हाई. रविवारी यायचीय. तिला दाखवायचंय मला, बघ, आपला फोन कसा दिसतोय." मग पुढे वाकून जरा दरडावूनच म्हणाले, "पर बदलायचा न्हाई हां. बदलायचाच असता तर ह्या शेजारच्याकडं ग्येलो असतो."

शेजारच्यानं ते ऐकलं. ऐकणारच.

दीपमालानं तो फोन मनावर घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन खोलून बॉडीचे तुकडे धुतले, आतून टिकली चिकटवली, क्रीम लावलं, कागद गुंडाळला आणि गच्चीवर नेऊन ठेवले. ती राहते त्या इमारतीची गच्ची सगळ्यांची. एका बाजूला शेजारच्या मैनाकाकूंच्या कुरडया, दुसऱ्या बाजूला हिचे मोबाईल, असा उन्हाळाभर शेजार. दुपारी हिला काउंटरवर बसावं लागतं, म्हणून काकू आपल्या कुरडया उलटतात तेव्हा मोबाईलचे तुकडेही उलटतात, कागद सोडून क्रीम सारखं करतात. क्रीमखालची टिकली मात्र त्यांना आजवर कधी दिसली नव्हती. त्या बदल्यात सकाळी दीपमाला कुरडयांवरचे कावळे हाकते. ठरलेलंच आहे त्यांचं.

त्या संध्याकाळी वर गेली तर काकू मोठ्या समाधानानं म्हणाल्या, "अगं, तुझी टिकली पडली होती त्यात! क्रीममध्ये नुसती बरबटली होती. काढली, धुतली आणि आमच्या आरशाला लावून ठेवली. जाताना घेऊन जा. आणि तिथं क्रीम नव्हतं लागलेलं, तेही सारखं करून ठेवलंय हो मी. तुझ्याकडून राहिलं होतं."

"काकू! अवो बाप्पा, ती मुद्दाम लावली होती!"

"मुद्दाम? मोबाईलला?" काकूंनी तोंडाला पदर लावला. "बाई बाई, आता मंगळसूत्र तेवढं घाल त्याला!"

दीपमालानं कागद सोडवून तुकडा पाण्याखाली धरला आणि रागावायचं विसरूनच गेली. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकसारखा शुभ्र. आत-बाहेर कुठे डाग नाही, पट्टा नाही. इतकं स्वच्छ काम तिच्या हातून आजवर झालं नव्हतं. बाबा इथे असते तर त्यांनी तुकडा उजेडाला धरून फक्त 'हं' केलं असतं, आणि त्यांचं ते 'हं' ऐकायला ती पुसदपर्यंत चालत गेली असती. टिकली नाही तर नाही, तिला वाटलं. एवढं काम बघितल्यावर टिकली विचारतंय कोण?

शनिवारी सकाळी आबा आले. दीपमालानं फोन रुमालात गुंडाळून ठेवला होता. मुद्दाम सावकाश उलगडला, त्यांचा चेहरा बघता यावा म्हणून. आणि चेहरा बघितला तो नसता बघितला तर बरं, असा. आबांच्या मिशीखालचं हसू विरलं. फोन त्यांनी हातात घेतलाच नाही.

"ह्यो माझा न्हाई."

"आबा, तुमचाच आहे."

"न्हाई बाई. माझा असा नव्हता. घेतला त्या दिवशीबी इतका पांढरा नव्हता." आवाज चढत गेला. "बदलू नगा म्हनून सांगितलं हुतं का न्हवतं?"

गल्लीत आवाज चढला की माणसं जमायला पाटी लागत नाही. पोपटशेठ दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहिले. "त्यात काय एवढं, आबा," ते अगदी शांतपणे म्हणाले, "बटणं जुनी, स्क्रीन जुनी, आतलं मशीन जुनं. बदलतात ती नुसती टरफलं. आमचा रोजचाच धंदा आहे, आम्ही सांगून करतो एवढंच."

"ताई, टिकली दाखवा ना," गर्दीतून कुणीतरी मदतीच्याच भावनेनं म्हणालं.

दीपमालानं झाकण उघडलं. आत सगळं पांढरं.

"टिकली होती," ती म्हणाली. "आमच्या शेजारच्या काकूंनी काढली. त्यांना वाटलं माझ्या कपाळाची पडली. त्यांनी ती आरशाला..."

पुढचं हशात बुडालं. काय सांगावं! जे घडलं होतं तेच ती सांगत होती, आणि ऐकताना तिचं तिलाच ते खोटं वाटत होतं. इतक्या वर्षांचं नाव त्या हशाबरोबर नाल्यात चाललंय, हे तिला उभ्याउभ्या दिसत होतं. उद्यापासून प्रत्येक गिऱ्हाईक झाकण उघडून संशयानं बघणार. परवापासून येणारच नाही.

पण हिंमतराव हसत नव्हते. त्यांनी बंडीच्या खिशातून तंबाखू काढली, तळहातावर घेतली, चुन्याची डबी काढली आणि नुसतीच हातात धरून राहिले.

"बाई," ते हळू म्हणाले, "पिवळा ऱ्हायला असता तरी चाललं असतं मला. तुमचं काय बी म्हननं न्हाई. माझ्या पोरीचा फोन कुठं टाकला तेवढं सांगा. कचऱ्यात असंल तर कचरा हुडकतो म्या."

दीपमालाचे डोळे भरून आले. नावाचं जाऊ दे एक वेळ. हा माणूस उद्या लेकीसमोर हातात परका फोन आहे असं समजून बसणार होता, आणि लेकीचा फोन तर इथेच होता, तिच्या हातात!

गावाकडे बाबा कपड्यांना बिब्ब्याची खूण करायचे. पण धुऊन धुऊन कधी खूणही पुसायची, आणि पांढऱ्या सदऱ्यांच्या ढिगात कुणाचा कुठला हे कळेनासं व्हायचं. तेव्हा बाबा डोळे मिटून सदरा बोटांत धरायचे. "गळपट्टी घासलेली. हा मास्तरांचा, दिवसभर मान हलवतात." "खिसा ताणलेला. हा तलाठ्याचा." कधी चुकले नाहीत.

तिनं डोळे पुसले आणि मिटले. झाकण तळहातावर घेतलं आणि अंगठा फिरवायला सुरुवात केली. "आता काय मंत्र टाकतायत का?" कुणीतरी म्हणालं. तिनं ऐकलं नाही. वरचा कोपरा गुळगुळीत, तो कुठल्याही फोनचा असतो. कडेला बारीक चरे, तेही कुणाचेही. डोळ्यांना तर काहीच दिसलं नसतं, मळच गेला होता, खाचा दिसणार कशा? अंगठा खाली सरकला आणि अडला. तिथे प्लास्टिक खोल गेलं होतं. सरळ रेघ नाही. गोल वळलेली, चंद्रकोरीसारखी खाच. एका दिवसात पडलेली नव्हे, वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी काहीतरी घासून झालेली. काहीतरी गोल, पत्र्याचं, टणक कडेचं.

तिनं डोळे उघडले. समोर आबांचा हात होता.

"आबा, ती डबी द्या."

"आँ? चुना पायजे?"

गर्दी पुन्हा फिदीफिदी हसली. पण दीपमालानं डबी त्यांच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली. झाकण पालथं काउंटरवर ठेवलं, पत्र्याच्या डबीची कड त्या खाचेवर टेकवली आणि बोट काढलं. डबी कलंडली नाही. खाचेत अशी बसली, जणू तिथेच घडवली होती.

"डबी आणि फोन एकाच खिशात ठेवता ना?"

"व्हय," आबा म्हणाले. "एकाच. पयल्यापास्नं."

त्यांनी डबी उचलली आणि स्वतः लावून बघितली. बसली. उलट करून लावली, तर हलायला लागली. पुन्हा सरळ लावली. बसली. तंबाखू कधीच खाली सांडली होती. त्यांनी फोन पहिल्यांदा हातात घेतला, मुठीत धरला, अंगठ्यानं ती खाच चाचपली, आणि तो तगडा माणूस गल्लीच्या मधोमध नाक ओढायला लागला.

"शेठ," दीपमाला पोपटशेठकडे वळली. "तुमच्या दुकानात आबांच्या डबीच्या मापानं झिजवलेली नवी बॉडी असेल तर काढा बघू. मीच घेते विकत."

शेठनी गळा साफ केला. "आमच्याकडे नवा माल असतो," ते म्हणाले, आणि पुढे, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "असलं काम आमच्याच्यानं होत नाही." मग पायरीवरून आत गेले. एवढं बोलणं त्यांना किती जड गेलं असेल ते त्यांचं त्यांना माहीत, पण बोलले.

आबांनी तिथेच फोन जोडायला लावला आणि लेकीला लावला. "तेजे, उद्या येनार न्हवं? ... अगं, फोन पांढरा झाला! ... न्हाई गं, नवा न्हाई घेतला. त्योच हाय, तुझाच ... फसवलं न्हाई कुनी!" शेवटी वैतागून त्यांनी फोन दीपमालासमोर धरला. "तुमीच सांगा. माझं मानंना झालीय."

"हॅलो," पलीकडून मुलगी तावातावानं बोलत होती, "हे बघा, आबा साधे आहेत म्हणून तुम्ही त्यांना काहीही सांगू नका. तो फोन मी पाहिलाय. तो व्हाईट होणं पॉसिबलच नाही. तुम्ही नवीनच दिलाय ना?"

गल्लीतली माणसं अजून पांगली नव्हती. आबा बघत होते. दीपमालानं पदर नीट केला.

"नवीन नाही, ताई. तुम्ही पहिल्या पगारात दिलेलाच आहे. उद्या या आणि हातात घेऊन बघा."

"मग असा कोणी केला?"

"मी केला," दीपमाला म्हणाली.